लांबलचक शब्द कसा फोडायचा



मागच्या महिन्यात एका गावातल्या बचतगटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात एक ताई माझ्याजवळ सरकून बसली. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी केलेला कागद काढला आणि हळूच म्हणाली, "बाई, अक्षरं तं समदी वाचता येते, पण मतलबच नाही लागत. भाऊ म्हणते, वारसनोंद करायची आहे, सही करून दे."

ताई सातवीपर्यंत शिकलेली. गटाचा हिशेब तीच लिहिते. वाचायला लागली. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने वाचले, "हक्कसो". मग खालच्या ओळीवर गेली, "डपत्र". टाइप करणाऱ्याच्या कागदावर जागा संपली, म्हणून त्याने शब्द जिथे संपेल तिथे तोडला होता. तिने पुन्हा वाचले, हक्कसो, डपत्र. हक्कसो म्हणजे काय? डपत्र म्हणजे काय? दोन्हींचा काहीच अर्थ नाही. अक्षर न् अक्षर बरोबर, पण शब्द चुकीच्या ठिकाणी मोडलेला.

शिवणीवर उसवला असता तर? हक्क, सोड, पत्र. हक्क सोडल्याचे पत्र. आणि भाऊ म्हणत होता, वारसनोंद आहे.

त्या दिवशी घरी येताना ठरवले, की रेडिओवर एकदा याच गोष्टीवर बोलायचे. लांबलचक शब्द कसा फोडायचा. शाळेत याला समास म्हणतात, आणि शाळेत शिकवताना मी स्वतः पोरींना तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही अशी नावे घोकायला लावली आहेत. आज ती नावे बाजूला ठेवू. स्वयंपाकघरातून सुरुवात करू.

पुरणपोळी ही काय आहे? पोळी आहे. कशाची? पुरण भरलेली. ताकभात काय आहे? भात आहे, ताक घातलेला. पोळपाट म्हणजे पाट, पोळीचा. म्हणजे शब्दाचा शेवटचा तुकडा सांगतो की वस्तू काय आहे, आणि आधीचे तुकडे सांगतात की ती कोणती, कशाची, कशासाठी. म्हणून लांब शब्द दिसला की घाबरून पहिल्या अक्षरापासून सुरू करू नका. आधी शेपूट पकडा. सांबारवडीचेही तेच. शेवटी वडी आहे, म्हणजे ती वडीच. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ती डोशाबरोबरच्या सांबाराची वाटते. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला ठाऊक नसते. शब्द फोडता आला तरी तुकड्याचा अर्थ आपल्या मुलखातला माहीत असावा लागतो.

नियमाला अपवाद आहेतच. मीठभाकर म्हणजे मीठ आणि भाकर दोन्ही, तिथे कोणी मोठे नाही, कोणी लहान नाही. सासूसासरे तसेच. सातबारा हा तर सातही नाही आणि बाराही नाही. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र छापतात, म्हणून त्या कागदाचेच नाव सातबारा पडले. सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये पीक कोणते ते. आणि आपल्या वर्ध्याचा गोरसपाक! गो म्हणजे गाय, गोरस म्हणजे दूध, पाक म्हणजे पाक. पण डबा उघडला की आत तुपातली बिस्किटे. आता त्याला कोणी पाक का म्हणेना, खाताना कोण विचारतो?

तर वस्तू शेवटी, वर्णन आधी. दुसरी गोष्ट अशी, की तुकडे जोडताना ते जरा बदलतात. दोन कापडे जोडताना कडा आत दुमडाव्या लागतात ना, तसे. हे आपण रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. मामाचा मुलगा मामाभाऊ नाही, मामेभाऊ. आत्याचा तो आतेभाऊ, मावशीचा तो मावसभाऊ, चुलत्याचा तो चुलतभाऊ. आणि लग्न झाल्यावर आपल्या वाट्याला येतात आजेसासू, मावससासू, चुलतसासू. मामाचे मामे झाले, आत्याचे आते, मावशीचे मावस. पाण्याचे पाण होते, म्हणून पाणवठा आणि पाणलोट. फूल लिहिताना दीर्घ ऊ, पण फुलपाखरू लिहिताना ऱ्हस्व. हे कोणी शिकवले आपल्याला? लग्नाच्या मांडवात दहा मिनिटे उभे राहिले तरी ही सगळी रूपे कानावर पडतात.

ही खोड फक्त मराठीची नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी नॉर्वेत शिकायला आहे. युरोपच्या अगदी उत्तरेचा, बर्फाचा देश. सुट्टीत आली तेव्हा तिने मला तिथल्या भाषेचे शब्द दाखवले. म्हणाली, आजी, हे लोक शब्दाला शब्द जोडत जातात आणि मध्ये जागाच सोडत नाहीत. बालवाडीला ते म्हणतात बार्नेहागे. बार्न म्हणजे मूल, हागे म्हणजे बाग. मध्ये एक ए घातला, आपल्या मामेभावासारखा. मला गंमत वाटली, कारण आपल्या बालवाडीतली वाडी म्हणजेही बागच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, आदिवासी पाड्यांवर मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी सरकारी योजना म्हणून २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या नावात अंगण आहे आणि बाग आहे, हे आपण रोज तिथे पोर सोडताना विसरतो.

दवाखान्याला ते लोक सिकेहूस म्हणतात. सिक म्हणजे आजारी, हूस म्हणजे घर. आपले रुग्णालय तसेच बनले आहे, रुग्ण आणि आलय. पण त्यांचे सरकारी शब्द आपल्यालाही हरवतील असे. बेकारांना मिळणाऱ्या भत्त्याला एकच शब्द आहे, आर्बाइड्सलेदिहेत्सत्रिग्द. मी तर पहिल्यांदा हातच जोडले. मग तिने तो शिवणीवर उसवला. आर्बाइड म्हणजे काम. लेदि म्हणजे मोकळा, रिकामा. हेत म्हणजे आपला पणा, चांगुलपणातला. त्रिग्द म्हणजे सरकारकडून मिळणारा आधार. काम-रिकामेपणा-भत्ता! आणि मध्ये दोनदा नुसता स घातला आहे, सांधा दाखवायला. त्या स ला स्वतःचा अर्थ नाही, तो फक्त टाका आहे.

तिथे शब्द चुकून सुटा लिहिला तर काय होते, तेही तिने सांगितले. धूम्रपान मना असलेल्या जागेला ते रॉइकफ्रित म्हणतात, धूरमुक्त. हाच शब्द कोणी जागा सोडून रॉइक फ्रित असा लिहिला, तर अर्थ होतो, "खुशाल ओढा"! आपल्याकडेही बघा. दुकानातून गोडतेल आणा म्हटले तर खायचे तेल येते. गोड तेल म्हटले तर दुकानदार विचारेल, साखर घालू का?

आता वाचायचे कसे, ते बघू. नॉर्वेचे लोक जोडशब्द बोलताना पहिल्या तुकड्यावर जोर देतात, त्यावरून कान सांधा ओळखतो. आपण तसा जोर देत नाही. पण आपल्याकडे दुसरी खूण आहे, आणि ती तुमच्या जिभेवरच आहे.

बचत हा शब्द मोठ्याने म्हणा. लिहिताना त पूर्ण आहे, पण म्हणताना आपण त चा अ गिळतो. बचत् असेच म्हणतो. आता बचतगट म्हणा. बचत्, गट्. त चा अ इथेही गिळला, शब्दाच्या मधे असूनही! बच-तगट असे कोणी म्हणत नाही. म्हणजे जीभ अजून आठवण ठेवून आहे, की त वर एक शब्द संपला होता. घरकुल म्हणताना घर्-कुल्. कापूसखरेदी म्हणताना कापूस्-खरेदी. मधेच एखादे अक्षर असे तुटके, अ नसलेले ऐकू आले, की बहुतेक वेळा तिथे सांधा असतो. नेहमीच नाही, पण बऱ्याचदा. जोडाक्षरावर शब्द संपत असेल तर मात्र अ थोडा उरतो, तो गिळता येत नाही. हक्क म्हणताना शेवटी जरासा अ येतोच. पत्र म्हणतानाही. म्हणून हक्कसोडपत्र म्हणायचे असे, हक्क, सोड्, पत्र. ड तुटका ऐकू आला पाहिजे. ड ला ओढून पुढच्या ओळीत नेला की शब्द मेला.

म्हणून माझी पद्धत अशी. कागदावर लांब शब्द दिसला की तो डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. एकदा सलग, मग सावकाश. ओळीच्या शेवटी तुटलेला असेल तर आधी दोन्ही तुकडे वहीच्या मागे एका ओळीत लिहून घ्या. मग पेन्सिलीने उभ्या रेघा मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना तुम्ही कधीतरी ऐकलेला शब्द उरला, तर रेघ बरोबर.

काही शब्दांत रेघ मारायला जागाच नसते, कारण दोन तुकडे एकमेकांत मुरलेले असतात. असे शब्द बघायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या वर्ध्यात शब्द घडवण्याचे कारखानेच होते म्हणा ना. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याचे काम मगनवाडीतून चाले, कुमारप्पा ते बघत. ग्रामोद्योग फोडा. ग्राम आणि उद्योग. पण बोलताना ग्रा-मो-द्यो-ग. सांधा मो च्या पोटात गेला. ग्राममधला शेवटचा अ आणि उद्योगमधला पहिला उ मिळून ओ झाला. सर्वोदयाचे तसेच, सर्व आणि उदय. आणि आपल्या उमेदचे पूर्ण नाव आठवा, महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. जीवनोन्नती म्हणताना किती जणींची जीभ अडते! जीवन आणि उन्नती, बस. मधे असा ओ अडला की त्याच्या जागी अ आणि उ ठेवून बघा. मधे आ अडला तर दोन अ किंवा आ ठेवून बघा. महिलाश्रम म्हणजे महिला, आश्रम. शौचालय म्हणजे शौच, आलय. जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा, अधिकारी.

सगळे शब्द असे मुरलेले नसतात. गांधीजी राहायला आले त्या शेगावचे टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवले. सेवा, ग्राम, सांधा स्वच्छ दिसतो. पवनारला विनोबांनी आश्रमाला परंधाम नाव दिले. धाम म्हणजे घर, परमधाम. पण तिथली नदीही धाम, आणि आश्रम नदीच्या पलीकडे, म्हणजे परपार. एका शब्दात दोन अर्थ बसवून दिले. तिथेच १९५९ मध्ये त्यांनी बायकांसाठी ब्रह्मविद्यामंदिर सुरू केले. तीन तुकडे. शेवटून वाचा. मंदिर आहे. कशाचे? विद्येचे. कोणती विद्या? ब्रह्माची. आपला नियम तंतोतंत.

आता कागदांकडे येते, कारण खरा घोर तिथे आहे.

शेवटी पत्र असेल तर तो कागद आहे, हे झाले. खत असेल तरी कागदच, गहाणखत, खरेदीखत. शेतातले खत नव्हे, हे खत म्हणजे लिहून दिलेले. नामा असेल तरी कागद, पंचनामा म्हणजे पंचांनी लिहिलेला. शेवटी दार असेल तर माणूस, ज्याच्याकडे काहीतरी आहे तो. खातेदार, जामीनदार, थकबाकीदार. शेवटी ग्रस्त असेल तरी माणूस, ज्याला काही भोगावे लागले तो. धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. एवढी शेपटे ओळखली तरी अर्धा कागद हाताशी येतो.

पण सावध राहायचे ते शेपटापेक्षा डोक्याशी. पुढे बसलेला एवढासा तुकडा सगळा अर्थ उलटा करतो. बँकेच्या कागदावर विनातारण कर्ज लिहिलेले असते. विना, तारण. काहीही गहाण न ठेवता. घाईत तारण एवढेच वाचले तर जीव धास्तावतो. बचतगटांना २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा तो विना शोधून वाचा. नाहरकत म्हणजे ना, हरकत. तुमची हरकत नाही, असे तुम्ही लिहून देता. आणि सह हा तुकडा तर फार गरीब दिसतो. सहकर्जदार म्हणजे सह, कर्जदार. नवऱ्याच्या कर्जावर तुमची सही सहकर्जदार म्हणून असेल, तर तुम्ही साक्षीदार नाही. कर्ज तुमचेही आहे.

एक शब्द मला सगळ्यात अवघड वाटतो, कुलमुखत्यारपत्र. बायकांना वाटते कुल म्हणजे कूळ, कूळकायद्यातले. ते कूळ वेगळे, त्यात दीर्घ ऊ आणि ळ आहे. हा कुल म्हणजे सगळा, एकूण. मुखत्यार म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायला नेमलेला. शेवटी पत्र. सगळा अधिकार देऊन नेमल्याचा कागद. विकण्याचा अधिकार त्यात लिहिला असेल तर तो माणूस तुमची जमीन विकूही शकतो. आता हा शब्द कोणी "नुसता कागद आहे" म्हणून पुढे केला, तर त्यातला कुल आठवा.

हे शब्द असे खिचडी का, असे तुम्ही विचाराल. हक्क अरबीतून आलेला, सोड आपला मराठी, पत्र संस्कृत. तिघे एका दोरीत. जिल्हाधिकाऱ्यातला जिल्हा अरबीतून आलेला आणि अधिकारी संस्कृत. दरबाराची भाषा अनेक शतके फारसी होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो त्या शब्दांना संस्कृत शब्द सुचवायला. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा १९६० मध्ये शासनाने भाषा संचालनालय काढले आणि इंग्रजी शब्दांसाठी मराठी शब्द ठरवले. त्यातले काही रुळले, काही अजून घशात अडकतात. जमिनीच्या कागदांनी मात्र जुने सोडले नाही आणि नवे नाकारलेही नाही. मला तरी ही खिचडी आवडते. आपली गोधडी तशीच असते, नऊवारीचा एक तुकडा, धोतराचा एक.

एक अडचण रेघा मारून सुटत नाही, तीही सांगते. गट. आपला बचतगट म्हणजे बायकांचा समूह. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक म्हणजे जमिनीचा तुकडा. आणि पंचायत समितीतले गटविकास अधिकारी? तो गट म्हणजे तालुक्याएवढा भाग. एका ताईने मला विचारले होते, "गटविकास अधिकारी आमच्या गटाचा विकास कवा करते?" हसू आले, पण तिची चूक नव्हती. तुकडा ओळखीचा वाटला तरी तो या कागदावर कोण आहे, हे शेजारच्या शब्दाला विचारावे लागते.

आता त्या ताईच्या कागदाकडे. आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर हक्कसोडपत्र लिहून घेतले, दोन रेघा मारल्या. शेजारी तिने स्वतः वारसनोंद लिहिले आणि एक रेघ मारली. वारस, नोंद. मग बराच वेळ दोन्ही शब्दांकडे बघत राहिली. वारसनोंदीत वडील गेल्यावर सगळ्या वारसांची नावे तलाठ्याकडे लागतात, तिचेही लागायला हवे. त्यात कोणाचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र वेगळे. त्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागते, आणि एकदा झाले की माघारी फिरणे फार कठीण. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून आहे. तो सोडायचाच असेल तर सोडावा, भावाला प्रेमाने देणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. पण सोडतो आहोत हे कळून सोडावा.

मग तिने खालची ओळ वाचली. या वेळी सावकाश, बोट ठेवून. "आपखुशीने", म्हणाली, "आप, खुशी." पुढचा शब्द होता विनामोबदला. तिने पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि स्वतःच रेघ मारली. विना, मोबदला.

"म्हणजे फुकट?" तिने विचारले.

मी म्हटले, हो.

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "भावाले विचारतो, की बाप्पा, वारसनोंदीचा कागद कुठी आहे?" तेवढ्यात चहा आला.